मॉरिशसचे राष्ट्रपिता सर शिवसागर रामगुलाम

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेस, मॉरिशस नावाचे एक चिमुकले बेट आहे. भोवतालची आपल्या अंमलाखालील लहान बेटे धरूनही त्या देशाचा विस्तार सुमारे २,०४० चौरस किलोमीटर भरतो. आपल्या सुरत जिल्ह्याच्या निम्म्याइतकाही तो नाही. शाळेच्या भिंतीवरील नकाशात तो एखाद्या शाईच्या ठिपक्यासारखा दिसतो आणि बोट ठेवले की झाकून जातो. परंतु राष्ट्राचे मोठेपण भूमीच्या मापाने ठरत नाही. या ठिपक्याएवढ्या देशात ऊसमळ्यांवर राबणाऱ्या निरक्षर मजुरांच्या मुलांनी शस्त्र न उचलता, केवळ मतपत्रिकेच्या बळावर आपले राज्य मिळविले. त्या मजुरांपैकीच एकाचा मुलगा त्या राज्याचा पहिला पंतप्रधान झाला. पुढे त्याच मतपत्रिकेने त्याला पदावरून उतरविले, तेव्हा तो निमूटपणे उतरला. त्या थोर पुरुषाचे, सर शिवसागर रामगुलाम यांचे चरित्र आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा दूरदेशीचा पुरुष आम्हांस इतका जवळचा का वाटावा, असे कोणी विचारील. कतारगाम परिसरातील पुष्कळ मराठी घरांचा इतिहास पोटापाण्यासाठी गाव सोडण्यापासून सुरू होतो. कोणाचे आजोबा खानदेशातून आले, कोणाचे वडील कोकणातून. परक्या भाषेच्या गावात भाकरी मिळवायची आणि मुलांना मात्र आपल्या भाषेत शिकवायचे, ही धडपड आम्ही जवळून पाहिली आहे. मॉरिशसची कथा याच धडपडीची कथा आहे. मात्र ती कितीतरी अधिक कठोर आहे. तिच्यात मराठी माणसेही आहेत आणि सुरतेची माणसेही आहेत.

मॉरिशसवर प्रथम डच, मग फ्रेंच आणि १८१० पासून इंग्रज यांची सत्ता होती. फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिकेतून गुलाम आणून तेथे ऊस पिकविला. १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली, तेव्हा मळ्यांना स्वस्त मजूर हवे होते आणि ते हिंदुस्थानातून आणण्याची युक्ती काढण्यात आली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ नावाचे जहाज अशा मजुरांना घेऊन पोर्ट लुई बंदरात आले होते. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसे त्या बंदरात उतरली. ठराविक वर्षे मळ्यावर राबण्याच्या करारावर त्यांचे अंगठे घेतले जात. इंग्रजी करारनाम्याच्या नावाचा अपभ्रंश होऊन त्या कागदाला गिरमिट म्हणू लागले आणि ती माणसे गिरमिटिया ठरली. बहुसंख्य मजूर बिहारकडचे होते, काही मद्रासेकडचे होते. मुंबई बंदरातून रत्नागिरीकडचे आणि घाटावरचे मराठी कष्टकरीही गेले. त्यांच्या वंशजांनी गणेशोत्सव आणि झाकरीचा नाच आजवर जपला आहे. गणेशचतुर्थीस त्या देशात सार्वजनिक सुटी असते. याच काळात सुरतेच्या बाजूने मुसलमान व्यापारी तेथे गेले. पोर्ट लुईच्या पेठेत त्यांचे वंशज आजही सुरती याच नावाने ओळखले जातात.

माणसे लाखांनी आली, परंतु त्यांना बोलण्याचा अधिकार नव्हता. १८८६ मध्ये तेथे कायदेकौन्सिलाची पहिली निवडणूक झाली. बेटाची वस्ती तेव्हा साडेतीन लाखांवर होती आणि मतदार होते सुमारे चार हजार. मालमत्ता किंवा मोठा पगार असेल त्यालाच मत देता येई. ज्याच्या घामाने साखर तयार होई, त्याला साखरेच्या राज्यात जागा नव्हती. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून मायदेशी परतताना गांधीजी काही दिवस मॉरिशसला थांबले. मुलांना शिकवा आणि सार्वजनिक कारभारात लक्ष घाला, असा उपदेश त्यांनी तेथील भारतीयांना केला. पुढे १९०७ मध्ये बडोद्यात जन्मलेले बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तेथे गेले, मजुरांचे खटले लढले आणि त्यांनी ‘हिंदुस्थानी’ नावाचे पत्र काढले. अशा रीतीने बीज पेरले गेले. ते उगवावयास अजून अवधी होता.

शिवसागर रामगुलाम यांचा जन्म १८ सप्टेंबर १९०० रोजी फ्लाक जिल्ह्यातील बेल रीव्ह या गावी झाला. वडील मोहित रामगुलाम हे बिहारमधील हरिगाव येथून १८९६ मध्ये कोवळ्या वयात गिरमिटावर आलेले. आई बासमती. घरी मुलाला केवल या लाडक्या नावाने हाक मारीत. त्याचे बालपण उसाच्या शेतांत, गाईगुरांत आणि गावच्या बैठकीत गेले. बैठक म्हणजे दिवसभराच्या कष्टानंतर मजूर एकत्र जमून रामायण वाचीत आणि मुलांना हिंदी अक्षरे गिरवावयास लावीत ती जागा. सरकारने न दिलेली शाळा त्या लोकांनी स्वतः उभी केली होती. शिवसागर अवघा सात वर्षांचा असताना त्याचे पितृछत्र हरपले. बाराव्या वर्षी गोठ्यात अपघात होऊन त्याचा डावा डोळा गेला. एवढ्या लहान वयात असे दोन आघात झाले असता एखादा मुलगा खचला असता. शिवसागरने उरलेल्या एका डोळ्याने वाचन दुप्पट केले. तो क्यूरपीप येथे नातलगांच्या आश्रयाने राहिला आणि नावाजलेल्या रॉयल कॉलेजात शिकला. तेथे त्याला इंग्रजी आणि फ्रेंच वाङ्मयाची गोडी लागली, ती जन्मभर टिकली.

१९२१ मध्ये हा तरुण वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेला. पैशांची ओढाताण आणि इतर अडचणी यांमुळे तो अभ्यासक्रम पुरा होण्यास फार वर्षे लागली. परंतु ती वर्षे वाया गेली नाहीत. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा झगडा तेव्हा ऐन भरात होता. लंडनमधील भारतीय विद्यार्थ्यांच्या चळवळीत ते वावरले. ब्रिटनमधील मजूर पक्षाची वाढ त्यांनी डोळ्यांदेखत पाहिली. ज्या देशाचे राज्य आपल्यावर चालते, त्या देशातला सामान्य कामगार मत देऊन सरकार बदलू शकतो, हे त्यांच्या मनावर ठसले. मग तोच हक्क मॉरिशसच्या ऊसतोड्याला का नसावा? हा प्रश्न घेऊन १९३५ मध्ये डॉक्टर रामगुलाम मायदेशी परतले.

परत आल्यावर त्यांनी दवाखाना थाटला. गोरगरिबांची दुखणी पाहता पाहता त्यांस दिसून आले की, या दुखण्यांचे मूळ हिवतापात जेवढे आहे तेवढेच दारिद्र्यात आहे आणि दारिद्र्याचे मूळ राज्यकारभारात आहे. त्या सुमारास बेट धुमसत होते. १९३६ मध्ये डॉक्टर मॉरिस क्युरे यांनी मजूर पक्षाची स्थापना केली होती. १९३७ मध्ये ऊस पिकविणाऱ्यांचा असंतोष भडकून मळ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि माणसे मेली. सप्टेंबर १९४३ मध्ये बेल व्ह्यू आरेल येथे पुन्हा गोळीबार झाला. त्यात अंजलाय कुपेन ही गरोदर स्त्री बळी पडली. तिचे नाव आज तेथील क्रीडांगणास दिले आहे. रामगुलाम रस्त्यावर उतरून लढणारे नव्हते. त्यांचा पिंड संयमी होता, वाणी सौम्य होती. १९४० मध्ये त्यांच्या पुढाकाराने ‘ॲडव्हान्स’ हे दैनिक निघाले आणि त्याच वर्षी गव्हर्नरांनी त्यांची कायदेकौन्सिलवर नेमणूक केली. त्या सभेत मळेवाल्यांचे बहुमत असे. तेथे बसून त्यांनी एकच मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. मताचा हक्क सर्वांना द्या, ही ती मागणी होय.

ही मागणी टप्प्याटप्प्याने पुरी झाली आणि त्यांतील पहिला टप्पा विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १९४७ च्या नव्या घटनेने असे ठरविले की, बेटावर चालणाऱ्या भाषांपैकी कोणत्याही एका भाषेत साधी वाक्ये लिहितावाचता येणाऱ्या प्रौढ स्त्रीपुरुषास मत देता येईल. मळेवाल्यांना वाटले, निरक्षर मजुरांपैकी कितीसे यात बसणार? परंतु पंडित वासुदेव विष्णुदयाल यांच्या जनआंदोलनाने गावोगाव वर्ग उघडले. दिवसभर ऊस तोडून आलेली माणसे कंदिलाच्या उजेडात बसून अक्षरे गिरवू लागली. ज्या हातांनी गिरमिटावर अंगठा उठविला होता, त्या घराण्यांतील हात आता स्वतःचे नाव लिहू लागले. मतदारांची संख्या सुमारे अकरा हजारांवरून एकदम सत्तर हजारांवर गेली. ऑगस्ट १९४८ मध्ये निवडणूक झाली आणि मजुरांच्या बाजूचे उमेदवार मोठ्या संख्येने निवडून आले. डॉक्टर रामगुलाम हे त्यांपैकी एक होते. अक्षरओळख हीच मतपेटीची किल्ली झाल्याचे असे उदाहरण जगाच्या इतिहासात विरळाच.

तथापि संकट टळले नव्हते. लोकांनी निवडून दिलेले १९ सभासद एका बाजूला आणि गव्हर्नरांनी नेमलेले १२ व सरकारी अधिकारी दुसऱ्या बाजूला, अशी त्या सभेची रचना होती. नेमणुका बहुतेक जुन्या वळणाच्या मंडळींच्या झाल्या आणि लोकांचा विजय कागदावर राहिला. रामगुलाम यांनी त्रागा केला नाही. मजूर पक्षाचे नेते गी रोझमाँ यांच्या निधनानंतर पक्षाची धुरा त्यांच्या खांद्यावर आली. लंडनच्या वाटाघाटींत त्यांनी चिकाटी सोडली नाही. अखेर मार्च १९५९ च्या निवडणुकीत शिक्षणाची अटही गेली आणि प्रत्येक प्रौढास मत मिळाले. मतदार दोन लाखांच्या पुढे गेले. १९६१ मध्ये रामगुलाम मुख्यमंत्री झाले आणि १९६५ मध्ये त्यांस सर हा किताब मिळाला.

आता खरा प्रश्न समोर उभा राहिला. बेट स्वतंत्र व्हावे की ब्रिटनशी जोडलेले राहावे? या प्रश्नावर लोक दुभंगले होते. भारतीय वंशाचे बहुसंख्य लोक स्वातंत्र्याच्या बाजूचे होते. क्रेओल म्हणजे आफ्रिकी व मिश्र वंशाचे लोक, गोरे मळेवाले आणि इतर काही यांना बहुसंख्याकांच्या राज्याचे भय वाटत होते. त्यांचे पुढारी गायताँ दुव्हाल हे तरुण, देखणे आणि फर्डे वक्ते होते. शिवाय तज्ज्ञांचे भाकीत निराशेचे होते. लोकवस्ती वाढत होती आणि साखरेवाचून दुसरे उत्पन्न नव्हते. असे बेट आपल्या पायावर कसे उभे राहील, असे जाणती माणसे विचारीत.

७ ऑगस्ट १९६७ रोजी सार्वत्रिक निवडणूक झाली. मुख्य बेटाचे २० मतदारसंघ पाडले होते. प्रत्येक संघातून तीन आणि रॉड्रिग्ज बेटातून दोन असे ६२ प्रतिनिधी निवडावयाचे होते. लहान जमातींचा आवाज दबू नये म्हणून पराभूतांपैकी अधिक मते मिळविणाऱ्या आठ उमेदवारांना जागा देण्याची योजनाही होती. मतदार तीन लाखांवर होते आणि दर शंभरातील जवळजवळ ८९ जणांनी मत दिले. डॉक्टर रामगुलाम यांच्या स्वातंत्र्य आघाडीस ३९ आणि दुव्हाल यांच्या पक्षास २३ जागा मिळाल्या. मतांकडे पाहिले तर अंतर एवढे मोठे नव्हते. आघाडीकडे शेकड्यास ५५ च्या आसपास मते होती आणि विरोधकांकडे ४३. म्हणजे प्रत्येक दहांतील चारांहून अधिक लोकांनी रामगुलाम यांच्याविरुद्ध कौल दिला होता. जिंकलेल्या पुढाऱ्याची खरी कसोटी अशा वेळीच लागते.

२२ ऑगस्ट रोजी विधानसभेने स्वातंत्र्याची मागणी करणारा ठराव संमत केला. परंतु जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत जातीय दंगल उसळली, माणसे मारली गेली आणि ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. अशा उदास वातावरणात १२ मार्च १९६८ रोजी शाँ द मार्स मैदानावर चार रंगांचा ध्वज वर चढला. बारा मार्च ही तारीख आम्हां सुरतकरांच्या ओळखीची आहे. १९३० मध्ये याच दिवशी गांधीजी साबरमतीहून दांडीकडे निघाले आणि ती यात्रा सुरतेवरूनच पुढे गेली. मॉरिशसने आपल्या जन्मदिवसासाठी तीच तारीख स्वीकारली. स्वातंत्र्यानंतर लवकरच, १९६९ मध्ये, पंतप्रधान रामगुलाम यांनी दुव्हाल यांस आपल्या सरकारात घेतले. काल ज्यांनी विरुद्ध मत दिले तेही याच बेटाचे नागरिक आहेत, हे त्यांनी कृतीने दाखविले. लोक त्यांना प्रेमाने चाचा म्हणू लागले.

थोर पुरुषांच्या चरित्रातील सावल्या झाकणे आम्हांस योग्य वाटत नाही. १९६५ मध्ये स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू असता ब्रिटनने चागोस बेटे मॉरिशसपासून तोडली. रामगुलाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यास संमती दिली. त्या बेटांवरील गरीब रहिवाशांना पुढे घरदार सोडावे लागले. ही फारकत बेकायदेशीर होती, असे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये दिले. दुसरी सावली याहून गडद आहे. १९७१ मध्ये गोदी कामगारांचे संप झाले, तेव्हा सरकारने आणीबाणी पुकारली, विरोधी पुढाऱ्यांना तुरुंगात टाकले आणि वृत्तपत्रांवर बंधने घातली. १९७२ मध्ये व्हावयाची सार्वत्रिक निवडणूक पुढे ढकलली गेली, ती चार वर्षे झालीच नाही. ज्याने आयुष्यभर सर्वांसाठी मत मागितले, त्याच्याच राज्यात लोक मताची वाट पाहत राहिले. हा दोष लहान नाही.

परंतु निवडणूक अखेर झाली. मताचे वय आधीच २१ वरून १८ वर आणले गेले होते. आपल्या भारतात हा बदल १९८९ मध्ये अंमलात आला, हे येथे सांगितले पाहिजे. शाळा सोडून आलेल्या तरुणांनी डिसेंबर १९७६ मध्ये प्रथम मत दिले आणि तुरुंग भोगून आलेल्या विरोधकांच्या पक्षास सर्वांत अधिक, म्हणजे ३४ जागा मिळाल्या. रामगुलाम यांच्या आघाडीस २८ व दुव्हाल यांच्या पक्षास ८ जागा होत्या. या दोघांनी पुन्हा हातमिळवणी करून सरकार टिकविले. तरुणांचा कौल रामगुलाम यांनी ओळखला. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. ज्या मुलाला शिक्षणासाठी नातलगांच्या दारी राहावे लागले होते, त्याने प्रत्येक गिरमिटियाच्या नातवाला हायस्कूलचे दार उघडून दिले. आमच्या मते त्यांच्या साऱ्या कार्याचा हा कळस होय.

११ जून १९८२ रोजी पुन्हा निवडणूक आली. चाचा ८१ वर्षांचे होते. सत्तेत राहून पक्ष थकला होता, महागाई व बेकारी वाढली होती. निकाल लागला तेव्हा मुख्य बेटावरील साठच्या साठ जागा विरोधकांनी जिंकल्या होत्या. त्रियोले-पांपलमूस या स्वतःच्या मतदारसंघातही रामगुलाम पडले. राष्ट्रपिता म्हणविणाऱ्या माणसाला त्याच्याच घराजवळच्या लोकांनी नाकारले. आफ्रिकेतील किती तरी नवस्वतंत्र देशांत त्या काळी अशा प्रसंगी रणगाडे रस्त्यावर येत आणि मतपेट्या जाळल्या जात. मॉरिशसमध्ये काहीही झाले नाही. वृद्ध पंतप्रधान पायउतार झाले आणि अनिरुद्ध जगन्नाथ यांच्याकडे राज्य गेले. स्वातंत्र्यानंतर त्या देशात सत्ता प्रथमच एका हातातून दुसऱ्या हातात गेली आणि रक्ताचा थेंबही सांडला नाही.

जेत्यांनीही मोठेपणा दाखविला. १९८३ च्या अखेरीस जगन्नाथ यांच्याच सरकारच्या शिफारशीने सर शिवसागर गव्हर्नर-जनरल झाले. ज्या प्रासादातून पूर्वी इंग्रज गव्हर्नर राज्य करीत, तेथे गिरमिटियाचा मुलगा राहावयास गेला. तेथेच १५ डिसेंबर १९८५ रोजी त्यांचे देहावसान झाले. पांपलमूसच्या प्रसिद्ध वनस्पती उद्यानात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. ते उद्यान आणि देशाचा विमानतळ यांस आज त्यांचे नाव आहे.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रात १९६७ चा विजय आहे आणि १९८२ चा पराभव आहे. आम्हांस दोन्ही सारखेच मोलाचे वाटतात. विजयाने एक देश स्वतंत्र झाला, पराभवाने तो देश लोकशाहीचा ठरला. जिंकण्यासाठी मत मागणारे जगात पुष्कळ असतात. विरुद्ध पडलेल्या मतापुढे मान लवविणारे थोडे असतात. ज्या हक्कासाठी मॉरिशसच्या ऊसतोड्यांनी रात्री जागून अक्षरे गिरविली, तो हक्क आपल्याला १८ वर्षे पूर्ण होऊन मतदारयादीत नाव नोंदविताच मिळणार आहे. मतदानाच्या दिवशी शाळांच्या वर्गखोल्याच केंद्रे होतात, ही गोष्टही अर्थपूर्ण आहे. आज ज्या बाकावर बसून आपण अक्षरे शिकतो, त्याच बाकाशेजारी उद्या आपल्या बोटाला शाई लागेल. आपल्या आजोबांनी कोणत्या गावाहून वाट धरली, हे त्या वेळी कोणी विचारणार नाही. रांगेत गिरणीमालक आणि कारागीर एकामागे एक उभे असतील आणि दोघांचे मत एकच मोजले जाईल. त्या दिवशी आळस करून जो घरी बसेल, त्याने कंदिलाच्या उजेडात बसलेल्या त्या ऊसतोड्यांची एकवार आठवण करावी, एवढीच आमची विनंती आहे.